चालू हुईस्तोवर हलायचं न्हाय

आमच्या फाउंड्रीत थंड अशी एकच खोली होती आणि ती आक्कांच्या ताब्यात होती.

बाहेर भट्ट्या, काळी वाळू, धूर आणि क्रेनचा खडखडाट. या सगळ्याच्या मधोमध काचेच्या दाराची एक लॅब. आत एसी अखंड चालू, कारण तिथलं मशीन नाजूक. भट्टीतलं वितळलेलं लोखंड पळीनं काढून त्याची लहानशी चकती पाडायची, थंड करून ती त्या मशीनवर ठेवायची. चर्र करून ठिणगी उडायची आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर त्या लोखंडात कार्बन किती, सिलिकॉन किती, हे उमटायचं. आकडे बरोबर असले की आक्का भट्टीवर फोन करायच्या. त्यानंतरच ओतकाम सुरू. त्यांचा फोन आल्याशिवाय भट्टीतलं लोखंड साच्यात जात नसे.

कागदोपत्री त्या लॅब इन्चार्ज मॅडम होत्या. पण गेटवरच्या वॉचमनपासून मालकांपर्यंत सगळे त्यांना आक्काच म्हणायचे. केमिस्ट्रीची पदवी घेऊन त्या थोरल्या मालकांच्या काळात कामाला लागल्या, तेव्हा अख्ख्या कारखान्यात त्या एकट्याच बाई होत्या. बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. त्यांनी अर्ज वगैरे काही केला नाही. थोरल्या मालकांच्या केबिनमागं त्यांचं खासगी स्वच्छतागृह होतं, ते वापरायला सुरुवात केली. आत गेल्या की आरामात बाहेर यायच्या. मालक बाहेर ताटकळत उभे. लवकरच गवंडी आला आणि कँटीनच्या मागं नवीन बांधकाम उभं राहिलं. ही हकीकत त्या प्रत्येक नव्या माणसाला सांगायच्या, नोकरीच्या पहिल्याच दिवशी.

मी त्यांचा मदतनीस म्हणून लॅबमध्ये लागलो, तेव्हा मलाही सांगितली. मग विचारलं, "घर कुठं?"

"कबनूर."

"घरात काय, कापडाचे माग?"

"व्हय."

"माग अडकला की काय करता?"

मी खरं ते सांगितलं, की वडील आधी शिवी देतात, मग एक दणका देतात, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. आक्कांनी माझी खुर्ची उचलली आणि कॉम्प्युटरपासून शक्य तितक्या लांब, खिडकीपाशी नेऊन ठेवली. म्हणाल्या, "तू हितनं बघ. मी सांगतो तवा जवळ यायचं." कोल्हापूरच्या जुन्या बायका बोलतात तशा त्या 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायच्या. पुण्याहून आलेल्या माणसाला पहिल्या वाक्याला ते समजायचं नाही, आणि दुसऱ्या वाक्यापर्यंत तो घाबरलेला असायचा.

एसीमुळं त्या बारमाही वांगी रंगाचा स्वेटर घालायच्या. स्वतः विणलेला. एप्रिलच्या उन्हात मंगळवार पेठेतून स्कूटरवर घामाघूम होऊन यायच्या, डिकीतून स्वेटर काढायच्या आणि तो घालत घालत लॅबमध्ये शिरायच्या. बाहेर ऊन मी म्हणत असताना हे दृश्य बघून नवा माणूस हमखास थबकायचा. उरलेल्या लोकरीतून त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यासाठी झालरीचं झाकण विणलं होतं. सकाळी ते उचलताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, जसं काही आत तान्हं मूल झोपलंय.

खरं तर त्या कॉम्प्युटरचं वय झालं होतं. त्यात कारखान्याचा धड चालणारा प्रिंटर त्यालाच जोडलेला, त्यामुळं डिस्पॅचवाले गेटपास काढायला यायचे, स्टोअरवाले लेबलं काढायला यायचे, भट्टीवाले आपली रजा शिल्लक आहे का बघायला यायचे. सगळ्यांनी एकदम हात लावला की तो अडकायचा. पडद्यावरचं चक्र गरगर फिरत राहायचं. अशा वेळी माणूस काय करतो? खाली वाकतो, डब्यावरचं गोल बटण अंगठ्यानं दाबून धरतो आणि अंधार झाला की परत दाबतो.

आक्कांच्या लेखी यापेक्षा मोठा गुन्हा नव्हता. त्याला कारणही होतं. असा झटक्यात बंद केलेला कॉम्प्युटर परत उठताना सगळं तपासत बसायचा. उठला तरी शेजारच्या मशीनशी त्याची ओळख पुसलेली असायची. मग ठरावीक नमुन्याच्या चकत्या एकामागून एक ठेवून मशीनला पुन्हा सगळं पढवायचं. तेवढ्या वेळात चहा होऊन, पिऊन, कप धुऊन व्हायचे. इकडं भट्टीत लोखंड उकळत पडलेलं, आणि ते फार वेळ तसं ठेवलं की त्याचा गुण बदलतो.

"त्याला सांगून झोपवायचं," आक्का प्रत्येकाला समजावायच्या. "हळू, पडद्यावरनं. नरडं दाबायचं न्हाय."

आधी त्यांनी कागद चिकटवला, 'बटण दाबू नये'. दुसऱ्या दिवशी खाली कुणीतरी पेनानं लिहिलं, 'मग बसवलंय कशाला?' आक्कांनी त्याखाली लिहिलं, 'तुझ्यासाठी न्हाय.' त्याखाली उत्तर आलं, 'मग कुणासाठी?' कागद पुरेना म्हणून आक्कांनी खाली दुसरा जोडला. हा पत्रव्यवहार लॅबच्या फरशीपर्यंत पोचला तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं की लोक आता हे वाचायला म्हणून लॅबमध्ये येतायत, आणि आल्यासारखं बटणही दाबून जातायत.

मग त्यांनी देवाला मध्ये घातलं. रविवारी जोतिबाला जाऊन तिथल्या दुकानातून देवाचा छोटा फोटो आणला आणि बरोबर बटणावर चिकटवला. देवावर अंगठा कोण ठेवणार? कुणीच ठेवला नाही. लोक आत यायचे, नमस्कार करायचे आणि मागून वायर उपसायचे. भट्टीवरचा कुणी एक भाविक तर रोज चिमूटभर गुलालही वाहायला लागला. कॉम्प्युटरच्या पंख्यानं तो सगळा आत ओढून घेतला. पुढं दुरुस्तीला राजारामपुरीतून मुलगा आला, त्यानं डबा उघडून फुंकर मारली आणि लॅबमध्ये जोतिबाची चैत्री यात्रा झाली. तो मुलगा, मी आणि आक्का, तिघं गुलाबी. आक्कांनी बटणावरचा फोटो सोलून काढला, कपाळाला लावला आणि पर्समध्ये ठेवला. म्हणाल्या, "देवाला ड्यूटी लावलो, चुकलं माझं."

त्यानंतर मेंटेनन्सकडून डब्याला लोखंडी जाळीचा पिंजरा करून घेतला. पण कोंबडी कोंडावी तसा तो कॉम्प्युटर आत तापायला लागला आणि आपोआपच बंद पडायला लागला. पिंजरा काढावा लागला.

शेवटी आक्कांनी जो नियम केला, तो त्यांच्या मते सगळ्यात जालीम होता. आजूबाजूच्या सगळ्या खात्यांना त्यांनी तो स्वतः फिरून सांगितला. जो कुणी बटण दाबून कॉम्प्युटर बंद करील, त्यानं तो परत चालू होऊन, मशीन पढवून होईपर्यंत तिथंच उभं राहायचं. बसायचं नाही, मोबाईल बघायचा नाही, बाहेर जायचं नाही. सुपरवायझरनं बोलावलं तरी आक्का उत्तर देतील.

"चालू हुईस्तोवर हलायचं न्हाय," हे वाक्य मग त्यांच्या तोंडात बसलं.

नियमाचा पहिला बळी डिस्पॅचचा पाटील. बाहेर ट्रकवाला हॉर्न मारतोय, फोन वाजतोय, आणि पाटील भिंतीशी शाळेतल्या पोरासारखा उभा. आक्का सावकाश एकेक चकती ठेवतायत. त्या दिवसापासून पाटलानं कधी बटणाकडं बघितलंही नाही. स्टोअरवालेही सुधारले. आक्का खूश होत्या. फक्त एक गोष्ट त्यांना उमगत नव्हती. ऑफिसची माणसं ताळ्यावर आली, पण भट्टीवाल्यांच्या हातून कॉम्प्युटर बंद होणं वाढलं होतं. त्यातही गणपामामांच्या.

गणपामामा म्हणजे भट्टीवरचा सगळ्यात जुना माणूस. बिद्रीकडचे, घरी थोडा ऊस, दोन म्हशी. बोलायला अगदी कमी. वितळलेल्या लोखंडावर तरंगणारी मळी लांब सळईनं ओढून काढायचं काम त्यांच्याकडं, म्हणजे भट्टीच्या तोंडाशी सगळ्यात जवळ तेच. असा शिस्तीचा माणूस दिवसाआड यायचा, रजा बघायची म्हणायचा, कॉम्प्युटर अडकायचा, मामा बटण दाबायचे आणि मग न सांगता भिंतीशी जाऊन उभे राहायचे. हात मागं, डोळे मिटलेले. आक्का पोटतिडकीनं समजावायच्या. मामा मान हलवायचे.

हिवाळ्यात हे प्रकार बंद झाले आणि होळीनंतर पुन्हा सुरू झाले. आक्कांनी त्यावरून निष्कर्ष काढला की कॉम्प्युटरला उन्हाळा सोसत नाही. त्यांनी मालकांकडं लॅबसाठी दुसरा एसी मागितला, आणि गंमत म्हणजे तो मंजूरही झाला. लॅब आणखी थंड झाली. गणपामामा दिवसाआडचे रोज यायला लागले.

मग तो एप्रिलमधला दिवस आला. एका मोठ्या गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर पुण्याहून आला होता. नवीन कामाची पहिलीच भट्टी, म्हणजे लोखंडाचा पहिला घाणा, आणि ती तो स्वतः उभा राहून बघणार होता. लॅबमध्ये शिरताना त्यानं मशीनकडं बोट केलं, तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "पावणं, बोट मागं घ्या." तो बिचारा खिशात हात घालून उभा राहिला. चकती कशी पाडतात ते बघायला आक्का त्याला घेऊन भट्टीवर गेल्या. मीही मागं गेलो. चकती घेऊन आम्ही परत आलो, तर पडदा काळा, त्यावर पांढरी अक्षरं सरकतायत, आणि भिंतीशी गणपामामा उभे. हात मागं, डोळे मिटलेले.

पुढचं सगळं आक्कांच्याच हातात होतं आणि काहीच हातात नव्हतं. भट्टीवरून सुपरवायझरचा फोन आला, मग पुन्हा आला. इन्स्पेक्टर घड्याळ बघायला लागला. कॉम्प्युटर एकदा उठला, परत झोपला, परत उठला. आक्का नमुन्याच्या चकत्या ओळीनं मांडून तयार उभ्या होत्या. मशीन तयार झालं तोवर भट्टीतलं लोखंड कामातून गेलं होतं. ते सगळं वाळूत ओतून टाकावं लागलं. इन्स्पेक्टर न जेवता निघून गेला, पुन्हा येईन की नाही ते कळवतो म्हणाला.

धाकटे मालक लॅबमध्ये आले. त्यांनी आवाज चढवला नाही. कुणी केलं विचारलं. मामांनी स्वतःच हात वर केला. मालक म्हणाले, उद्यापासून यायची गरज नाही. आणि निघून गेले.

मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढून तोंड पुसलं. ते दारापर्यंत गेले तेव्हा आक्कांनी हाक मारली. आवाजात राग नव्हता, गोंधळ होता.

"मामा, इतक्या येळा सांगितलं. का दाबतासा तुम्ही?"

मामा दारातच वळले. मग म्हणाले, "आक्का, तुम्हीच म्हणता की, चालू हुईस्तोवर हितंच थांबायचं."

"मग?"

"हितं गार लागतंय."

एवढं बोलून ते गेले.

आक्का खुर्चीवर बसल्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून, नियम चांगलाच होता असं म्हणालो. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी खिडकीबाहेर बघायला लागलो. मग एकदम उठल्या, "चल माझ्यासंगट," म्हणाल्या आणि तडक मालकांच्या केबिनमध्ये.

तिथं त्यांनी सगळं सरळ सांगितलं. शिक्षा म्हणून त्यांनी जे ठरवलं होतं, ते भट्टीवरच्या माणसाला बक्षीस वाटलं. नियम त्यांचा होता, मामांनी तो पाळला, तेव्हा काढायचं असेल तर त्यांना काढावं. मालक वैतागले होते. ते म्हणाले, मॅडम, गरम होतं म्हणून कुणी भट्टी वाया घालवतं का? फाउंड्री आहे, गरम होणारच. ते चिडले की आक्कांना मॅडम म्हणायचे.

"भट्टीवर कवा उभं राहिलासा शेवटचं?" आक्कांनी विचारलं.

मालक म्हणाले, रोज राउंड असतो माझा.

"राउंड न्हवं. उभं."

धाकट्या मालकांना आक्कांनी लहानपणी थोरल्या मालकांचं बोट धरून कारखान्यात येताना बघितलेलं होतं. त्यामुळं असेल, किंवा आधीच्या सगळ्या हकिकती त्यांनाही ठाऊक होत्या म्हणून असेल, ते उठले. आम्ही तिघं भट्टीच्या चौथऱ्यावर गेलो. भट्टीत पुढचं लोखंड वितळून तयार होत आलं होतं. मामांच्या जागेवर आक्का उभ्या राहिल्या, शेजारी मालक. मी दोन पावलं मागं राहिलो, आणि तेवढंही मला भरपूर होतं. चेहऱ्यावरची कातडी ओढल्यासारखी होते तिथं. श्वास घेतला तर नाकात चटका बसतो.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आक्कांनी स्वेटर काढलेलाच नाही.

रागाच्या भरात त्या तशाच लॅबमधून निघाल्या होत्या. आता त्यांच्याही ते लक्षात आलं असणार, पण मालकांसमोर पहिल्यांदा हात स्वेटरला लावणं म्हणजे हार, असं बहुतेक त्यांनी ठरवून टाकलं. भट्टीवरची माणसं हातातलं काम सोडून बघत होती. मालकांचा शर्ट पाठीला चिकटला. त्यांनी गळ्याचं बटण काढलं, मग रुमाल काढला, मग तो रुमाल पिळला. आक्का हाताची घडी घालून समोर बघत होत्या. चेहरा लालबुंद, कपाळावरून घामाच्या धारा, पण घडी सुटत नव्हती. मला खरोखरच भीती वाटायला लागली की या बाई आता इथं कोसळणार.

मालकांनाही तीच भीती वाटली असावी. ते म्हणाले, "आक्का, स्वेटर तरी काढा."

"मामांला काढायचं न्हाय म्हणा," आक्का समोरच बघत म्हणाल्या, "मग काढतो."

भट्टीवर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच हसले. मालकांनी थोडा वेळ दम धरला. पण त्यांनाही हसू आवरेना, आणि त्या उष्णतेत हसणं फार अवघड असतं. "बरं, न्हाय काढत," असं म्हणत ते चौथरा उतरले. आक्का त्यांच्या मागून सावकाश उतरल्या, पाण्याच्या नळापाशी गेल्या, स्वेटर काढला आणि नळाखाली डोकंच धरलं. गणपामामा सायकल घेऊन गेटपर्यंत पोचले होते. गेटवर निरोप गेला आणि वॉचमननं त्यांना परत पाठवलं. मामांनी कारण विचारलं नाही. टॉवेल खांद्यावर टाकला आणि सळई उचलली.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी कँटीनमधलं एक लांब बाक लॅबमध्ये आणून भिंतीला लावलं. भट्टीवाल्यांनी आळीपाळीनं यायचं, बसायचं, काहीही कारण सांगायचं नाही. त्या दिवसापासून कॉम्प्युटरला कुणी हात लावला नाही. अडकला तरी बाकावरची माणसं लांबूनच सांगायची, "आक्का, रुसलंय बघा." पण लॅबमध्ये आता काळी वाळू आली, तंबाखूचा वास आला, दुपारी घोरणं आलं. एकदा चकती ठेवायच्या ऐन क्षणी कुणीतरी असा शिंकला की आक्कांनी ती मशीनवर ठेवण्याऐवजी चहाच्या कपात टाकली. त्या मालकांकडं तक्रार घेऊन गेल्या नाहीत. फक्त मालक आले की त्यांना बसायला बाकावर मधोमध जागा करून द्यायच्या, दोन्ही बाजूंना घामेजलेली माणसं.

गणपतीच्या आधी भट्टीच्या मागच्या मोकळ्या जागेत गवंडी आला. तिथं एक खोली झाली, पक्क्या छताची. आत मोठा कूलर, पिण्याचं पाणी आणि बाकं. तो पुण्याचा इन्स्पेक्टरही पुन्हा आला. त्याचं काम ठीक झालं. खिशातून हात त्यानं शेवटपर्यंत काढला नाही.

भट्टीवाले नव्या खोलीत गेले. लॅबमधलं बाक कँटीनला परत गेलं. फरशी स्वच्छ झाली. प्रिंटरही ऑफिसमध्ये हलवला, त्यामुळं पाटीलही यायचा बंद झाला. इतकी वर्षं आक्का ज्यासाठी भांडल्या, ते सगळं एकदम मिळालं. खोलीत आम्ही दोघं आणि एसीचा आवाज. त्या झाकण उचलायच्या, चकती ठेवायच्या, फोन करायच्या आणि दाराकडं बघायच्या. दार उघडत नसे. काही दिवसांनी त्या म्हणायला लागल्या, "जरा बघून येतो, काय करालेत ते." आधी पटकन परत यायच्या. मग उशिरा यायला लागल्या. मग भडंगाचा डबाही बरोबर घेऊन जायला लागल्या.

अशीच एक दुपार. भट्टीवरून चकती आली आणि आक्का जागेवर नव्हत्या. मी त्या खोलीत गेलो. कूलर घरघरत होता. बाकावर सगळे दाटीवाटीनं बसलेले, मधे आक्का, मांडीवर भडंगाचा डबा. थोरल्या मालकांच्या स्वच्छतागृहाची हकीकत रंगात आली होती, आणि ती हजारदा ऐकलेले गणपामामा पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे हसत होते. मी म्हणालो, आक्का, सॅम्पल आलंय.

"मग लाव की."

मी दारातच उभा राहिलो. इतक्या वर्षांत आक्का आवारात असताना मी कधी मशीनला हात लावला नव्हता.

"हात न्हाईत व्हय तुला?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा हकिकतीकडं वळल्या.

मी लॅबमध्ये आलो, चकती ठेवली. ठिणगी उडाली, आकडे उमटले. दोनदा ताडून बघितले. मग भट्टीवर फोन लावून सांगितलं, बरोबर आहे, ओता. सुपरवायझरनं विचारलं, कोण बोलतंय. मी सांगितलं. तो म्हणाला, थांब, आक्का मागंच बसल्यात, विचारून येतो. फोन तसाच उघडा राहिला. त्यातून कूलरची घरघर आली आणि मग आक्कांचा आवाज.

"त्यानं सांगितलंय न्हवं? मग ओता की, मला काय विचारतासा?"

सुपरवायझर परत येईपर्यंत मी फोन कानाला धरून होतो. पलीकडं त्या मामांना सांगत होत्या, "सरका जरा तिकडं. वारं लागू द्या मला बी."